कुठे वाचलंस?

संध्याकाळी मित्रांबरोबर कट्ट्यावर किंवा हॉटेलात बसून दिवसभराच्या बातम्यांवर बोलणं हा आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जातो. मला तो बातमी वाचण्याचाच उरलेला अर्धा भाग वाटतो. १९४० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. तेव्हा समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना महिनोन् महिने पुन्हापुन्हा गाठून मुलाखती घेतल्या. वृत्तपत्रं आणि रेडिओ लोकांची मतं सरळ फिरवत असतील, असा तेव्हाचा समज. हाती आलं ते वेगळंच. बातम्यांवर बारीक लक्ष ठेवणारी काही माणसं असतात आणि बाकीच्यांपर्यंत बातमीचा अर्थ बहुधा त्यांच्याशी झालेल्या गप्पांतून पोचतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्याची बातमी येते. फोनवर ती एकट्याने वाचली की पोटात गोळा येतो, आणि तोच गोळा आपण दहा जणांना पुढे पाठवतो. चार जणांत तीच बातमी निघाली, की कुणीतरी बँकेतला किंवा हिशेबातला निघतोच. तो विचारतो, ‘तुझे पैसे बँकेत आहेत की पतसंस्थेत?’ या एका प्रश्नाने सगळं चित्र बदलतं. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, त्याआधी ते एकाच लाखापर्यंत होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र ते मुळीच नाही. मथळ्यात हे मावत नाही. आणि आतल्या मजकुरात असलं, तरी घाबरलेला माणूस तिथवर वाचत जात नाही.

यावर कुणी म्हणेल, अफवा पसरायला फोन कशाला लागतो? सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो ही वार्ता मोबाइलशिवायच एका दिवसात देशभर गेली. खरं आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तो जमावही समोरासमोरच उभा होता. अशा अफवा रोखायला त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वेग थोडा कमी झाला असेल, पण ‘तुला कुणी सांगितलं?’ हे विचारायला फोनवरही कुणी नव्हतं. जमावात बोलणारा गर्दीत विरघळतो. कट्ट्यावर मात्र फेकाफेक करणाऱ्याला उद्या त्याच चार जणांसमोर बसायचं असतं, आणि मित्र टोपी उडवायची संधी सहसा सोडत नाहीत.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समविचारी लोकांचे छोटे गट करून त्यांना वादाच्या विषयांवर बोलायला बसवलं. उठताना बहुतेकांची मतं आधीपेक्षा टोकाची झाली होती. म्हणजे सगळे एका सुरातले असतील तर गप्पा उलट नुकसानच करतात. पण आपले जुने कंपू मतं जुळवून कुठे जमतात? शाळेतला बाक, चाळीतला मजला किंवा ८.१२ ची लोकल हेच त्यांचं कारण असतं, त्यामुळे एकाच टेबलावर दोन-तीन पक्षांचे मतदार आपसूक येतात. राजकारणावर वाद होतात म्हणून विषयच बंद करणारे कंपू हल्ली वाढलेले दिसतात. मला ती शहाणीव वाटत नाही.

कट्टा पुरुषांचा, हा आक्षेप तर मान्यच करावा लागतो. मुंबईतल्या बायकांना काही कामाशिवाय रस्त्यावर रेंगाळता का येत नाही, यावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. बायकांनी बाहेर असायचं तर हातात पिशवी नाहीतर घरी जायची घाई दिसावी लागते. त्यामुळे गॅसच्या भावापासून महिलांच्या आरक्षणापर्यंतच्या बातम्यांचा अर्थ निम्म्या माणसांना वगळून लावला जातो. यावर उपाय गप्पा थांबवणं नव्हे. उजेड असलेले रस्ते, रात्री उशिरापर्यंत बस आणि काही विकत न घेता बसता येईल असे बाक हवेत. सध्या तर दुकानांपुढच्या ओट्यांवर कुणी टेकू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकलेले असतात.