प्रोग्रॅमर घ्यायचाय? आधी चिप ठरवा

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन ‘मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅमर द्या’ एवढंच म्हटलं, की उलट प्रश्न येतो, ‘कुठल्या चिपसाठी?’ नवख्याला वाटतं, चांगला असेल तो द्यावा की, त्यात काय विचारायचं! पण एक चांगला प्रोग्रॅमर घेतला की सगळ्या चिप चालतात, हाच तर या छंदातला सगळ्यात पसरलेला गैरसमज.

चिपच्या प्रत्येक घराण्याची प्रोग्रॅम आत घेण्याची रीत वेगळी. एटीमेगा३२८पीसारख्या जुन्या एव्हीआर चिपना आयएसपी पद्धत लागते, आणि तिथे थॉमस फिशल यांनी रचलेला, खुल्या आराखड्याचा यूएसबीएएसपी स्वस्तात काम भागवतो. एसटीएम३२साठी एसटी-लिंक, पिकसाठी पिककिट. एव्हीआर बनवणारी अ‍ॅटमेल २०१६ साली पिकवाल्या मायक्रोचिपने विकत घेतली, तरी यूएसबीएएसपी पिकला चालत नाही ते नाहीच. एवढंच कशाला, एटीटायनी१६१४ ही एव्हीआरच, पण नवी. ती यूपीडीआय या एका तारेच्या पद्धतीवर गेल्यामुळे तिच्यापुढेही तो निरुपयोगी.

मुळात वेगळा प्रोग्रॅमर हवाच, हेही खरं नाही. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये बूटलोडर, म्हणजे यूएसबीवरून आलेला प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, आधीच बसवलेला असतो. यूएसबी केबल पुरते. ईएसपी३२च्या बोर्डांचंही तसंच. रास्पबेरी पाय पिको तर बूटसेल बटण दाबून जोडला की संगणकात पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल त्यात टाकायची.

प्रोग्रॅमर लागतो तो सुटी, कोरी चिप ब्रेडबोर्डवर लावली की. आणि ‘चिप जळली’ ही हाकाटीही तिथेच सुरू होते. बहुतेक वेळा चिप ठणठणीत असते. कोरी एटीमेगा३२८पी कारखान्यातून येते ती १ मेगाहर्ट्झवर: आतला ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक, त्याला आठाने भागलेला. आयएसपीचा वेग चिपच्या क्लॉकच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपीचा नेहमीचा वेग ३७५. मग चिप उत्तर देणार कशी? प्रोग्रॅम चढवणाऱ्या एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरमध्ये ‘-B’ पर्याय देऊन वेग उतरवायचा. यूएसबीएएसपीच्या क्लोनमधलं फर्मवेअर जुनं असेल आणि ते ऐकत नसेल, तर बोर्डावरचा जेपी३ जंपर जोडायचा. काही क्लोनवर जंपरच्या जागी नुसती दोन भोकं असतात, तिथे तारेचा तुकडा सोल्डर करावा लागतो.

चिपची मूळ सेटिंग ठेवणाऱ्या फ्यूज बिटमध्ये चुकून बाहेरचा क्रिस्टल निवडला, तरी चिप मेल्यासारखीच वागते. ९ आणि १० नंबरच्या पिनांना १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले की ती पुन्हा बोलू लागते. रीसेट पिन बंद करणारा फ्यूज मात्र खरंच महागात पडतो; त्यानंतर १२ व्होल्टवाला हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमरच हवा. सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, जुळत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा. ‘पी’ नसलेल्या ३२८ची सिग्नेचर १ई ९५ १४, ‘पी’ असलेलीची १ई ९५ ०एफ. चिप अस्सल, निवड चुकलेली.

खरी जपायची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. क्लोनवरचा ३.३ व्होल्टचा जंपर लावला की सगळंच ३.३वर आलं, असं धरून चालतात. पुष्कळ क्लोनमध्ये तो फक्त पुरवठ्याच्या पिनचं व्होल्टेज बदलतो. डेटाच्या तारांवर ५ व्होल्टच राहतात. एव्हीआर कदाचित सोसेल, शेजारी जोडलेलं एसडी कार्ड किंवा रेडिओ मॉड्यूल सोसेलच असं नाही. मल्टिमीटरने एकदा मोजून घ्या.

घरात उनो पडून असेल, तर आयएसपी चिपसाठी तूर्त काही विकत घेऊ नका. त्यात ‘आर्डुइनो आयएसपी’ हा तयार स्केच टाका, मग उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. हा क्रम उलटा केलात, तर स्केचच चढणार नाही.