आजीच्या कपातली कॉफी

डॉक्टरांनाही छंद असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी. मला गेली पंचवीस वर्षे चिनी मातीच्या जुन्या कपबशा जमवण्याचा नाद आहे. मुंबईला गेलो की चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एक फेरी ठरलेली. गावात एखादा जुना वाडा पाडायला काढला की कपाटातली भांडी मोडीत जाण्यापूर्वी मी तिथे हजर! ‘रोग्यांपेक्षा कपांनाच जास्त जपता,’ असे सौ. म्हणते, आणि त्यात थोडे तथ्य आहे.

या संग्रहाची सुरुवात झाली ती माझ्या आईच्या कॉफीच्या सहा कपांपासून. पातळ, हाताला हलके, आतून-बाहेरून गुलाबाची नक्षी आणि काठाला सोनेरी रेघ. सणासुदीला आमच्या घरी याच कपांतून कॉफी व्हायची.

मागच्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, ‘बाबा, मला आजीच्या कपातून कॉफी हवी.’ सौ.ने कप काढून ठेवला आणि माझे लक्ष त्याच्या काठाकडे गेले. उजव्या हाताने कप धरल्यावर जिथे ओठ टेकतात, नेमकी तिथलीच सोनेरी रेघ पुसली गेली होती. आतला गुलाबही फिका पडला होता. इतकी वर्षे मी हा कप कौतुकाने पाहत आलो, पण त्यावरचा रंग गेला कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. काही घासताना मोरीत गेला असेल. उरलेला आमच्या पोटात!

मी कॉफी स्टीलच्या पेल्यात ओतली. लेक हिरमुसली. म्हणाली, ‘आजी तर याच कपातून पिऊन चौऱ्याऐंशी वर्षे जगली!’ तिचा प्रश्न रास्त होता. अनेक वाचकांच्या घरीही अशी जुनी भांडी असतील, म्हणून त्याचे उत्तर आज सविस्तर देतो.

शिसे कपात येते कुठून?

खरे पोर्सेलीन मुळात चीनचे. म्हणूनच आपण त्याला चिनी माती म्हणतो. युरोपला ते जमायला फार काळ लागला. जर्मनीतील माइसेन येथे त्याचा कारखाना निघाला तो १७१० साली. केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पार हा खनिज दगड १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजला की काचेसारखे घट्ट भांडे तयार होते. या मातीत शिसे नसते.

शिसे येते ते वरच्या झिलईतून आणि रंगांतून. झिलईत शिसे घातले की ती कमी उष्णतेत वितळते, एकसारखी पसरते आणि सुरेख चमकते. इंग्लंडमधील बोन चायना आणि साध्या मातीच्या भांड्यांवर अशी झिलई विसाव्या शतकातही दीर्घकाळ वापरात होती. झिलईवर जी रंगीत फुले काढतात, ती ७०० ते ८५० अंशांच्या सुमारास भाजतात. एवढ्या कमी आचेवर रंग चिकटावा म्हणून त्यातही शिसे घालत. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कधी कॅडमियमही असते.

याची पहिली किंमत मोजली ती भांडी घडवणाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये भांडी झिलईत बुडवणाऱ्या कामगारांना, त्यांत स्त्रियाही होत्या, शिशाची विषबाधा होत असे. ब्रिटनने १८९८ मध्ये थॉमस लेग यांना कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले. शिशाची विषबाधा हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

पोटात कसे जाते?

नीट भाजलेल्या झिलईतून शिसे सहसा सुटत नाही. भाजणी कच्ची असेल, नक्षी झिजली असेल किंवा झिलईला केसासारख्या बारीक चिरा पडल्या असतील, तर ते पदार्थात उतरते. आंबट पदार्थ, उष्णता आणि वेळ या तीन गोष्टी त्याला मदत करतात. कपातली कॉफी आपण पाच-दहा मिनिटांत संपवतो, म्हणून तिच्यात उतरणारे शिसे थोडे. पण जुन्या नक्षीदार बरणीत लिंबाचे लोणचे मुरत ठेवले किंवा सुरईत कोकम सरबत रात्रभर राहिले, तर धोका कितीतरी वाढतो. कॅनडातील माँट्रियल शहरात झिलईच्या मातीच्या सुरईत ठेवलेला सफरचंदाचा रस पिऊन एक लहान मुलगा दगावला. १९७० मध्ये त्याची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती सुरई पोर्सेलीनची नव्हती, पण झिलईतल्या शिशाचा धडा तोच.

मग आजीला काही कसे झाले नाही?

प्रौढ माणसाच्या शरीरात गेलेल्या शिशापैकी बरेचसे बाहेर पडते. उरलेले हाडांत जाऊन बसते आणि तिथे कित्येक वर्षे राहते. त्याची लक्षणेही मोघम असतात: थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, वाढलेला रक्तदाब. याचा संबंध कपबशीशी असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. आजीला काही झाले नाही असे म्हणण्यापेक्षा, कोणी तपासलेच नाही, हे म्हणणे अधिक खरे.

गर्भवतीची गोष्ट वेगळी. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, आणि गरोदरपणात आईच्या हाडांत साठलेले जुने शिसेही रक्तात उतरू शकते. लहान मुलांच्या आतड्यात ते प्रौढांच्या चार-पाच पट शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. ही इजा भरून येत नाही. मुलांच्या रक्तात किती शिसे आढळले की लक्ष घालायचे, ती पातळी अमेरिकेत १९९१ मध्ये डेसिलीटरमागे १० मायक्रोग्रॅम होती. २०२१ मध्ये ती ३.५ वर आणली गेली. पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीच पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काय करावे?

१. झिलईवरची नक्षी ओळखायला शिका. बोट फिरवल्यावर फुले उंचवटल्यासारखी लागतात. तिरप्या उजेडात रंग झिलईहून वेगळा दिसतो. अशी नक्षी आतल्या बाजूला किंवा काठाला असेल, तर ते भांडे शोभेचेच समजा.

२. बुडाचा शिक्का वाचा. भांड्यावर देशाचे नाव घालण्याचा नियम अमेरिकेने १८९१ पासून लागू केला. ‘निप्पॉन’ हा शिक्का साधारण १९२१ पर्यंतचा, ‘ऑक्युपाइड जपान’ हा महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. यावरून वय कळते, सुरक्षितता नाही. १९७० च्या आधीचे रंगीत भांडे रोजच्या वापरात न ठेवणे शहाणपणाचे.

३. चीर गेलेल्या, टवका उडालेल्या किंवा डिंकाने जोडलेल्या कपातून काही पिऊ नका.

४. जुन्या भांड्यात आंबट पदार्थ साठवू नका. सोनेरी काठाचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ठिणग्या उडतात.

५. धुताना मऊ फडके आणि साधा साबण वापरा. राख, काथ्या, तारेची घासणी नको.

६. घरी करायच्या रंगपट्टीच्या चाचणीवर विसंबू नका. प्रयोगशाळेत चार टक्क्यांचे ॲसेटिक आम्ल भांड्यात चोवीस तास ठेवून त्यात उतरलेले शिसे मोजतात. खात्री त्यानेच होते.

७. अशा भांड्यांचा रोज वापर असेल आणि घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिसे तपासून घ्या. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असू द्या. ते कमी असले की शिसे जास्त शोषले जाते.

छंद सोडा, असे मी म्हणत नाही. मी तरी कुठे सोडला? आईचे सहाही कप आता काचेच्या कपाटात आहेत. लेकीची रक्ततपासणी चांगली आली. नात आता आठ महिन्यांची झाली आहे. कपाटासमोर नेले की ती गुलाबांकडे बोट दाखवते. मोठी झाल्यावर ते कप तिचेच. कॉफी मात्र तिला आम्ही स्टीलच्या पेल्यातच देणार!