तारणारा कशासाठी हवा असतो?

कामगार संघटनेत काम करणारा माणूस ख्रिस्ती धर्मावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आमचा व्यवहार पगार, बोनस, हजेरी आणि चार्जशीट यांच्याशी. शाळा आम्हाला लवकर सोडावी लागली, आणि जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर झाले. धर्मशास्त्रावर अधिकार सांगावा अशी आमची योग्यता नाही. आम्ही ख्रिस्ती नाही, कोणाला ख्रिस्ती करण्याचा आमचा हेतू नाही, आणि कोणाच्या श्रद्धेची टर उडवण्याचाही नाही.

तरीही हा विषय आम्ही घेतला, याला कारण आहे. संघटनेच्या कचेरीत माणसे तक्रार घेऊन येतात. कामावरून काढले, ओव्हरटाइम दिला नाही, ग्रॅच्युइटी अडकली. या तक्रारींचे निवेदन लिहिता येते आणि त्यांच्यासाठी लढता येते. पण त्याच माणसांजवळ आणखी एक तक्रार असते, आणि ती कोणत्याही निवेदनात मावत नाही. एकाचा तरुण मुलगा गेलेला असतो. दुसऱ्याने सारा पगार दारूत घालवून बायकोवर हात उगारलेला असतो, आणि आता त्याला स्वतःचेच तोंड पाहवत नाही. तिसरा म्हणतो, आम्ही जगलो काय नि मेलो काय, कोण मोजतो? या तक्रारीचा मालक कोण, आणि ती कोणत्या कोर्टात न्यायची? निरनिराळ्या धर्मांनी याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आज त्यांतले एक उत्तर समजून घ्यावयाचे आहे, आणि तेही पंडितांच्या वादांतून नव्हे, तर अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधील कोळसा खाणीच्या मजुरांच्या हकिकतीतून.

प्रथम ती श्रद्धा काय आहे ते सरळ शब्दांत पाहू. ख्रिस्ती माणूस मानतो की ईश्वर मनुष्य झाला. तो राजाच्या घरी आला नाही, सुताराच्या घरी वाढला. पुढे रोमन सत्तेने त्याला क्रूसावर खिळून मारले, आणि ही शिक्षा त्या काळी मुख्यतः गुलाम व बंडखोर यांच्यासाठी राखलेली होती. तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला. त्याच्या मरणाने माणसाच्या पापाची भरपाई झाली, आणि ही सुटका पुण्याईने विकत मिळत नाही, विश्वासाने स्वीकारावी लागते. 'येशू' या नावाचे मूळ हिब्रू रूपच 'यहोवा तारण करतो' अशा अर्थाचे आहे. मराठी ख्रिस्ती लोक त्याला 'तारणारा' म्हणतात. आपल्या भाषेत 'तारण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सुटका, आणि दुसरा म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे ठेवतात ती वस्तू. ख्रिस्ती श्रद्धेत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ज्याच्यापाशी गहाण ठेवायला काहीच उरले नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने स्वतःलाच तारण ठेवले, असे ती सांगते.

आता याची गरज कोणाला वाटते? केवळ अडाण्याला वाटते असे म्हणावे, तर पहिले उदाहरण ऑक्सफर्डच्या विद्वानाचे आहे. जॉन वेस्ली यांचा जन्म 1703 सालचा. ते धर्मोपदेशक होते आणि विद्यापीठाच्या एका कॉलेजचे फेलो होते. उपास, प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांची भेट, गरिबांना मदत हे सारे ते घड्याळाच्या काट्यावर करीत. तरीही मनाला स्वस्थता नव्हती. पुण्याचे खाते रोज लिहायचे आणि रोज ते कमीच भरायचे, अशी त्यांची अवस्था होती. 24 मे 1738 रोजी संध्याकाळी लंडनमधील एका छोट्या सभेत कोणी तरी मार्टिन ल्यूथरचे लिखाण वाचीत होते. ते ऐकताना वेस्लींना एकाएकी खात्री पटली की आपली पापे आपल्या जमाखर्चाने नव्हे, तर ख्रिस्ताने दूर केली आहेत. सिद्धांत त्यांना आधीही पाठ होता. त्या दिवशी तो 'सर्वांसाठी' होता तो 'माझ्यासाठी' झाला, एवढाच फरक. पण पुढची सारी चळवळ या फरकावर उभी राहिली.

ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवुड नावाचा खाणींचा मुलूख होता. तिथल्या कोळसेवाल्यांचे नाव घेतले की शहरातले सभ्य लोक दार लावून घेत. जकातनाक्यांवर हल्ले आणि दंगे यांसाठी ते प्रसिद्ध होते. 17 फेब्रुवारी 1739 रोजी जॉर्ज व्हाइटफील्ड हा 24 वर्षांचा उपदेशक तिथे गेला, उघड्या माळावर उभा राहिला आणि बोलू लागला. शहरातल्या चर्चांची दारे त्याला बंद होत चालली होती, म्हणून माळ. पहिल्या दिवशी सुमारे दोनशे माणसे जमली, आणि पुढे काही आठवड्यांत ती हजारोंनी येऊ लागली. खाणीतून थेट आलेल्या त्या काळ्या गालांवरून अश्रूंचे पांढरे ओघळ वाहत होते, असे वर्णन व्हाइटफील्डच्या आठवणींत आले आहे. एप्रिलपासून वेस्लीही ब्रिस्टलच्या परिसरात उघड्यावर बोलू लागले. व्यासपीठाशिवाय बोलणे त्यांच्यासारख्या शिस्तप्रिय माणसाला प्रथम फार जड गेले होते.

गेट मीटिंग घेणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला इथे प्रश्न पडतो. त्या सभेत पगारवाढीची घोषणा नव्हती, की धान्य स्वस्त करण्याचे आश्वासन नव्हते. मग ती माणसे रडली का? आमच्या मते याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण अपराधाच्या ओझ्याचे. दारिद्र्यात माणूस फक्त अन्याय सोसत नाही, तो अन्याय करतोही, आणि बहुधा आपल्याहून दुबळ्यावर करतो. हे त्याला पुरते ठाऊक असते. त्याला 'तू निर्दोष आहेस' असे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. 'तू दोषी आहेस' हे तर जमीनदारापासून न्यायाधीशापर्यंत सारेच सांगत होते. नव्या उपदेशाने या दोन्हींपेक्षा वेगळी गोष्ट सांगितली: तू दोषी आहेस, आणि तरीही तुझे देणे फेडले गेले आहे. कर्जाच्या कागदावर 'रोख मिळाले' असा शेरा पडल्यावर माणूस जसा पाठ ताठ करून घरी जातो, तसे त्या लोकांचे झाले असले पाहिजे.

दुसरे कारण गणतीचे. दान, यात्रा आणि विद्या यांच्या बळावर मिळणारा मोक्ष गरिबाच्या हाताबाहेर असतो. त्याला ना पैसा, ना सवड, ना अक्षरओळख. विश्वासाने मिळणारी सुटका मात्र जमीनदाराला आणि कोळसेवाल्याला एकाच अटीवर मिळते. ईश्वराने काही लोक आधीच निवडून ठेवले आहेत, असे व्हाइटफील्ड मानीत, आणि वेस्ली ते मानीत नसत. या मुद्द्यावरून दोघांमध्ये 1741 च्या सुमारास फूट पडली. ख्रिस्त प्रत्येकासाठी मेला, हा वेस्लींचा आग्रह होता. आजवर कोणत्याच यादीत ज्याचे नाव नव्हते, त्याला या 'प्रत्येक' शब्दाचे मोल कळते.

तिसरे कारण दुःखातल्या सोबतीचे. खाणीत छत कोसळे, वायूचा भडका उडे, आणि सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत येईलच याची शाश्वती नसे. अशा माणसाला आकाशातून हुकूम सोडणारा देव फार उपयोगी पडत नाही. ज्याच्या तळहातावर खिळ्यांच्या खुणा आहेत, ज्याने मरताना आपण टाकले गेलो असा आक्रोश केला, तो देव त्याला आपल्या पाळीतला वाटतो. आणि तो मरणातून उठला म्हणजे खाणीतला अंधार हा शेवटचा अंधार नव्हे, ही आशा त्यातूनच येते.

पण भावना माळावर उसळते आणि घरी जाईपर्यंत थंड होते, हे सभा घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वेस्ली हे जाणून होते. 1742 मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्याचा प्रश्न निघाला. सुमारे बारा-बारा सभासदांचे गट करावेत, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि गटप्रमुखाने ती गोळा करावी, असे ठरले. प्रमुख घरोघर जाऊ लागला तेव्हा पेनीबरोबर माणसाची हालहवालही कळू लागली. कोण आजारी आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला, कोणाच्या घरी भांडण आहे. यातून आठवड्याची बैठक जन्माला आली. प्रत्येकाने आपल्या मनाची स्थिती बोलून दाखवावी आणि बाकीच्यांनी ती ऐकावी, असा तिचा परिपाठ. सभासदाला दर तिमाहीला त्याच्या नावाचे तिकीट मिळे. वर्गणीची पावती आणि सभासदाचे कार्ड आयुष्यभर हाताळलेल्या आम्हाला त्या तिकिटाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तारणारा माझे नाव ओळखतो ही श्रद्धा, आणि ते नाव लिहिलेला कागद खिशात, अशी ही जोड होती. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी चार्ल्स वेस्ली या धाकट्या भावाने हजारो गीते रचली. आपल्याकडे भजनाने जे काम केले, ते तिथे या गीतांनी केले.

आता आक्षेपाकडे वळू. तो आमच्याच घरातून येतो. मार्क्सने 1844 साली धर्माला अफूची उपमा दिली, ती सर्वांना पाठ आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्मामध्ये पिळलेल्या जीवाचा उसासाही ऐकला होता, याची आठवण मात्र क्वचितच ठेवली जाते. इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरील आपल्या 1963 च्या ग्रंथात मेथडिस्ट पंथावर कठोर टीका केली आहे. या पंथाने कामगाराला गिरणीच्या शिस्तीला जुंपले, असा तिचा रोख आहे. ही टीका उडवून लावता येत नाही. पंथाचे अधिकृत पुढारी एकोणिसाव्या शतकात बहुधा सरकारच्या बाजूने उभे राहिले. खुद्द व्हाइटफील्ड यांनी अमेरिकेत गुलाम बाळगले आणि जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट केली. उलट वेस्लींनी 1774 साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि 1791 मध्ये मृत्यूपूर्वी काही दिवस विल्बरफोर्स यांना पत्र लिहून त्या लढ्यात धीर दिला. तारणारा एकच, पण दोन उपदेशकांचे वर्तन दोन दिशांना. तेव्हा मनाची शांती मिळाली म्हणजे न्यायबुद्धी आपोआप येते, असे मानण्यात अर्थ नाही.

तथापि श्रद्धेने माणूस नेहमी खालीच बसतो, हेही खरे नाही. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावी शेतमजुरांची मजुरी आठवड्याला 9 शिलिंगांवरून उतरत 7 वर आली होती, आणि ती 6 वर आणण्याचा घाट होता. तिथे जॉर्ज लव्हलेस या मजुराने संघटना उभारली. तो मेथडिस्ट पंथाचा बिनपगारी उपदेशक होता. बेकायदा शपथ घेतल्याच्या आरोपावरून मार्च 1834 मध्ये त्याला आणि त्याच्या पाच साथीदारांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आले. सहांपैकी पाच मेथडिस्ट होते. त्यांच्या सुटकेसाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आणि 1836 मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. पुढे 1872 साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना स्थापणारा जोसेफ आर्च हाही असाच उपदेशक होता. ही माणसे बोलायला, हिशेब ठेवायला आणि सभा चालवायला प्रार्थनागृहात शिकली. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांना तिथे मिळाली. ज्याच्यासाठी ईश्वराने प्राण दिला, त्याची किंमत आठवड्याला सहा शिलिंग असू शकत नाही, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का झाला.

आपल्या महाराष्ट्रातही या गरजेची साक्ष आहे. पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रा आणि व्रते यांत गेले, आणि 1874 च्या सुमारास उपासमारीत आईवडील गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने जवळ केलेले त्यांनी पाहिले होते, आणि येशूने शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संभाषणाने त्यांचे मन वेधले होते. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले. तो मिळाल्याचे समाधान त्यांना काही वर्षांनी लाभले. वेस्लींच्या अनुभवाशी याचे साम्य कोणालाही दिसेल. रमाबाईंचे समाधानही त्यांच्यापुरते राहिले नाही. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणले, आणि तिथे मुक्तिसदन उभे राहिले.

आता आमच्यासारख्यांनी यातून काय घ्यावे? तारणाऱ्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण किंग्जवुडच्या माणसांना ज्या गोष्टी हव्या होत्या, त्या आजच्या कंत्राटी कामगारालाही हव्या आहेत. चुकलो तरी परत येता यावे. कोणी तरी नावाने ओळखावे. दुःखात कोणी शेजारी असावे. मेल्यावर आपण रजिस्टरातल्या एका रेघेने संपू नये. करारपत्रात ही कलमे घालता येत नाहीत, आणि ती नसली तर चांगल्यात चांगल्या करारानंतरही माणूस एकटाच घरी जातो. आमच्या संघटनांनी वर्गणी गोळा करणारा ठेवला, पण वर्गणीबरोबर हालहवाल विचारणारा ठेवला का, हे आपण तपासावे. मजुरीची लढाई सोडून द्यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही, कारण लव्हलेसनेही ती सोडली नव्हती. मात्र ज्याच्यासाठी लढायचे त्या माणसाची ही दुसरी भूकही खरी आहे, एवढे ध्यानात ठेवून लढावे.