सिलिंडर बोअरला देण्याआधी सहा वेळा मोजा: झिजलेल्या टू-स्ट्रोक इंजिनातून मोजमापाचा धडा

संशोधनाला लागायच्या आधी एक सवय लावून घ्या. जे काम उलटं फिरवता येत नाही, ते सुरू करण्याआधी मोजमाप पूर्ण करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रयोगशाळेत नमुना कापून झाल्यावर "अरे, आधी वजन घ्यायचं राहिलं" असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. आज हाच मुद्दा जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या सिलिंडरवरून समजून घेऊ. माझा पीएचडीचा विषय ट्रायबॉलॉजी, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांचं शास्त्र. त्यातलं जवळजवळ सगळं एका सिलिंडरमध्ये सापडतं.

आपल्या कन्नडकडच्या वाचकांना हे इंजिन नवीन नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये कंपनीने एम-८० आणि कावासाकी बजाज केबी-१०० या दोन टू-स्ट्रोक गाड्या बाजारात आणल्या. राजदूत, येझदी, आरएक्स-१०० याही त्याच जातीच्या. दुधाचे कॅन लादून, कच्च्या रस्त्याची धूळ खात, चाळीसगावहून औट्रम घाट चढत या गाड्या चालल्या. आज त्या हौसेने पुन्हा उभ्या केल्या जातात. अडचण अशी की मूळ सिलिंडर आता मोजकेच उरलेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातलं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे तुमच्या हातातला येझदीचा सिलिंडर हा परत न मिळणारा नमुना आहे.

झीज नेमकी कुठे होते?

उदाहरणाला जावा-येझदी २५० घेऊ. सिलिंडरचा व्यास ६५ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. इंजिन ४००० आरपीएमवर चाललं तर पिस्टन मिनिटाला ४००० वेळा खाली जाऊन वर येतो. हिशोब करा: २ × ०.०७५ × ४००० × ६० = ३६,००० मीटर. तासाला ३६ किलोमीटर घासणं, आणि तेही फक्त ७५ मिमीच्या पट्ट्यावर!

पण ही घासण सगळीकडे सारखी नसते. पिस्टन मधल्या भागात वेगात असतो, तेव्हा तेलाचा पातळ थर रिंगला भिंतीपासून उचलून धरतो. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. वेग शून्य, त्यामुळे तेलाचा थर मोडतो. त्याच वेळी पेट्रोल पेटलेलं असतं, वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, आणि तापमानही तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगच्या वळणाजवळ. याला टेपर म्हणतात: वर रुंद, खाली अरुंद.

दुसरं, कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन भिंतीवर बाजूने रेटला जातो. हा रेटा गाडीच्या पुढे-मागे असतो, डावी-उजवीकडे नाही. त्यामुळे गोल बोअर हळूहळू अंडाकृती होतो. शिवाय टू-स्ट्रोकच्या भिंतीत पोर्टच्या खिडक्या असतात. एक्झॉस्टजवळचा भाग जास्त तापतो, वेडावाकडा फुगतो. वंगण म्हणाल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं थोडंसं तेल, बस. फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेली तर तिच्यातले वाळूचे कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण, ते भिंत खरवडतात.

"किती झिजलाय?" हा प्रश्न अपुरा आहे

म्हणून सिलिंडर एकदा मोजून भागत नाही. तीन उंचींवर मोजा: वरच्या रिंगच्या वळणाजवळ, पोर्टच्या वर आणि पोर्टच्या खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. बोअर गेजचं टोक खिडकीच्या कडेवर येऊ देऊ नका. समजा अशी रीडिंगं आली:

वर: ६५.१४ आणि ६५.१० मिमी
मध्ये: ६५.०७ आणि ६५.०५ मिमी
खाली: ६५.०२ आणि ६५.०१ मिमी

सहांची सरासरी काढली तर ६५.०६५ येते. "फक्त ०.०६५ झिजलाय, नुसती रिंग टाका" असं कुणी म्हणेल. पण सरासरीने इथे खरी गोष्ट झाकली. वर झीज ०.१४ आहे, टेपर ०.१२ आहे, आणि वरच्या भागात अंडाकृतीपणा ०.०४ आहे. अशा बोअरमध्ये नवीन रिंग टाकली तर ती वरच्या भागात भिंतीला नीट बसणारच नाही. तुमच्या डेटामध्येही असंच होतं. सरासरी लिहिण्याआधी आकडे कुठून आले त्याचा नकाशा काढा.

बोअर गेज नसेल तर?

कन्नडसारख्या ठिकाणी प्रत्येक गॅरेजमध्ये बोअर गेज असेलच असं नाही. व्हर्नियरवर मात्र हा निर्णय घेऊ नका. त्याचा लघुत्तम माप ०.०२ मिमी असला तरी गोल भिंतीत त्याचे जबडे नीट बसत नाहीत, आणि आतवर पोचतही नाहीत.

एक स्वस्त युक्ती आहे. एक जुनी रिंग घ्या, सिलिंडरमध्ये ठेवा, पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. आधी खाली, न झिजलेल्या भागात, मग वर. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, त्यामुळे व्यासातला फरक फटीत तिप्पट मोठा होऊन दिसतो. वरच्या उदाहरणात फटीतला फरक साधारण ०.३३ मिमी येईल. त्याला ३.१४ ने भागा: ०.१०५ मिमी.

यात शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. रिंग स्वतः झिजलेली असली तरी चालतं, कारण दोन्ही वेळा तीच रिंग आहे, तिची झीज वजाबाकीत निघून जाते. पण ही युक्ती परीघ मोजते, म्हणजे प्रत्येक उंचीवरचा सरासरी व्यास. अंडाकृतीपणा तिला दिसतच नाही. कोणतंही उपकरण वापरताना ते काय पाहू शकत नाही हेही वहीत लिहा.

परत न येणारं लोखंड

आता निर्णय. ओव्हरसाईझ पिस्टन साधारणपणे ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. म्हणजे सिलिंडरच्या आयुष्यात बोअर करायच्या तीन-चारच संधी. एक पायरी उगाच खर्च झाली की ती गेली.

आपल्या उदाहरणात ०.२५ पुरेल का? सर्वांत जास्त व्यास ६५.१४, नवीन बोअर ६५.२५. वाटतं, सहज पुरेल. पण व्यास सांगतो झीज किती, कुठल्या बाजूला ते सांगत नाही. ती सगळी ०.१४ मिमी एकाच बाजूला असेल, तर मूळ केंद्रापासून त्या बाजूचं अंतर ३२.५० + ०.१४ = ३२.६४ मिमी. मूळ केंद्र न हलवता तिथली झीज साफ करायला ६५.२८ व्यास लागेल. ०.२५ मध्ये एक काळा पट्टा तसाच राहील! जाणता मशिनिस्ट म्हणूनच बोअरिंग बारचं केंद्र झिजलेल्या तोंडावरून धरत नाही, खालच्या न झिजलेल्या भागावरून धरतो, आणि मगच कुठला ओव्हरसाईझ लागेल ते सांगतो. त्याला हे विचारायला लाजू नका.

क्रमही महत्त्वाचा. आधी पिस्टन आणा, मग बोअर करा. डब्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा प्रत्यक्ष पिस्टनचा स्कर्ट, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने मोजा. त्यात मॅन्युअलमध्ये दिलेली मोकळीक मिळवली की बोअरचं अंतिम माप मिळतं.

मोकळीक का लागते?

लेथवाले थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. दोन-तीन थाऊवरून एवढी चर्चा कशाला, असं वाटेल. हिशोब बघा. पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू दर अंशाला दहा लाखात साधारण २० भाग प्रसरण पावतो, ओतीव लोखंड साधारण ११ भाग. दोन्ही १०० अंशांनी तापले तर ६५ मिमीचा पिस्टन ०.१३ मिमी वाढतो, सिलिंडर ०.०७ मिमी. फरक ६० मायक्रॉन, म्हणजे दोन थाऊंपेक्षा जास्त. घाटात हवा कमी लागते, इंजिनावर भार जास्त असतो, आणि पिस्टन सिलिंडरपेक्षाही जास्त तापतो. मोकळीक कमी ठेवली असेल तर पिस्टन तिथेच चिकटतो आणि मागचं चाक जाम होतं. चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा.

तापमान मोजमापातही शिरतं. लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात उन्हात ठेवलेला सिलिंडर पिस्टनपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर त्याचा व्यास १४ मायक्रॉन जास्त दिसेल, अर्ध्या थाऊहून अधिक. उपाय फुकटचा आहे. सिलिंडर, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा, सकाळी मोजा. बोअर केल्या केल्या गरम सिलिंडर मोजू नका.

बोअरनंतर

बोअरिंगमध्ये शेवटची थोडी जाडी होनिंगसाठी राखतात. होनिंगच्या आडव्यातिडव्या रेघांमध्ये तेल धरून राहतं. पोर्टच्या धारदार कडा मोडून घ्या, नाहीतर रिंग खिडकीत अडकून तुटते. मग गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. नुसत्या पेट्रोलने होनिंगची बारीक भुकटी निघत नाही, आणि तीच भुकटी नवीन बोअर खायला लागते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहिलं की लगेच तेल लावा, कारण उघडं ओतीव लोखंड पटकन गंजतं.

शेवटची पायरी संपल्यावर नवीन स्लीव्ह बसवता येते. पण टू-स्ट्रोकमध्ये स्लीव्हमधल्या खिडक्या मूळ खिडक्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात. खिडकीची उंची बदलली की पोर्ट उघडण्याची वेळ बदलते, आणि गाडीचा स्वभावही.

आणि पहिला सिलिंडर का गेला, ते शोधल्याशिवाय दुसरा बसवू नका. क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जाते का? जेट बारीक आहे का? फिल्टर फाटलाय का? कारण तसंच राहिलं तर नवीन बोअरसुद्धा त्याच जागी झिजेल, आणि तुमची एक पायरी वाया जाईल.

तुम्हाला करून बघायचं असेल तर जवळच्या गॅरेजमधून एखादा भंगारातला सिलिंडर आणि जुनी रिंग मागून आणा. पाच उंचींवर फट मोजा, प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि उंची विरुद्ध व्यासातला फरक असा आलेख काढा. तिन्ही रीडिंगं कितपत जुळतात ते आधी बघा. वळणाजवळचा फुगवटा त्या फरकापेक्षा मोठा दिसला, तरच तो खरा माना. आलेख काढलात तर मला नक्की पाठवा, पुढच्या लेखात त्यावरूनच मोजमापातल्या अनिश्चिततेबद्दल बोलू.