बोर्ड गेला की बायोस उडाला?

पांढुर्णा-सौसरकडे एमपी ऑनलाइनच्या दुकानातला कॉम्प्युटर बसला, की समग्रची केवायसी, खसऱ्याची नक्कल सगळंच अडतं. त्यात बायोस अपडेट चालू असताना लाइन गेली, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, असं झालं की निकाल ठरलेला: ‘बोर्ड गेला, नवा टाका.’ हा निकाल अनेकदा घाईचा असतो. बोर्ड शाबूत असतो. त्यावरच्या आठ पायांच्या चिमुकल्या चिपमधला बायोस हा प्रोग्राम तेवढा अर्धवट लिहिला गेलेला असतो. अर्थात सैल रॅमनेही स्क्रीन काळी राहते, तेव्हा आधी ती काढून, पुसून, नीट बसवून बघा.

विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला तर निरुपयोगीच. बायोस विंडोजच्या आधी चालतो. त्यामुळेच हार्ड डिस्कवरच्या फाइलीही बहुधा सुखरूप असतात; फक्त बिटलॉकर चालू असेल, तर दुरुस्तीनंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

सेल काढून लावण्याचा उपाय अर्धाच खरा. गोल सेल काढल्याने घड्याळ आणि बदललेली सेटिंग मूळपदावर येतात. बायोसचा प्रोग्राम मात्र फ्लॅश चिपमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही. तो बिघडला असेल तर सेलने सुधारत नाही.

बिघडलेला बायोस परत भरण्याची सोय अनेक कंपन्यांनी करून ठेवली आहे. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बी ही बटणं दाबून पॉवर द्यायची, डेलच्या अनेक मॉडेलवर कंट्रोल आणि एस्केप. असूसच्या काही बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं. ते प्रोसेसर-रॅमशिवायही चालतं. बायोसची फाइल पेनड्राइव्हवर द्यायची असेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२, फाइल नेमकी त्याच मॉडेलची, नाव कंपनीने सांगितलेलंच.

हेही फसलं तर चिप थेट वाचणारा-लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रामर. तो स्वस्त आहे, म्हणून कुणीही चिपला त्याचा चिमटा लावतो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. काही चिप १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिले तर चिप जळू शकते. दुसरी घाई चिपमधलं जुनं न वाचताच इंटरनेटवरची फाइल भरण्याची. मशीन सुरू होतं, पण सिरीयल नंबर दुसऱ्याच कुणाचा, आणि विंडोजचं लायसन्सही गायब होऊ शकतं. लॅपटॉपची ही माहिती बऱ्याचदा त्याच चिपमध्ये असते.

मशीन नागपूरला पाठवायचं झालं तर चिठ्ठीवर लिहा: चिप आधी दोनदा वाचा, दोन्ही डंप, म्हणजे वाचून घेतलेल्या प्रती, जुळवा, आणि जुना डंप पेनड्राइव्हवर परत द्या.