डीजेचा दर कसा ठरवायचा? हातात आलेले सगळे पैसे कमाई नसतात

माझा एक जुना विद्यार्थी मागच्या महिन्यात भेटला. आईचे दागिने मोडून त्याने साउंड सिस्टीम घेतली होती. म्हणाला, "सर, वर्षभर काम मिळालं. पण आता अ‍ॅम्प्लिफायर जळाला, तर नवीन घ्यायला पैसे नाहीत. पैसा गेला कुठे?"

मी विचारलं, "एका कार्यक्रमाचे किती घेतोस?" "सहा हजार. आमच्या मोहल्ल्यात सगळे तेवढेच घेतात."

खरी चूक इथेच आहे. शेजारच्याचा दर पाहून आपण आपला दर ठरवतो. पण त्याचं सामान कदाचित जुनं असेल, गाडी घरची असेल, भाऊ फुकट मदत करत असेल. त्याचा खर्च वेगळा, आपला वेगळा.

निकाहात डीजे असावा की नाही, ही चर्चा आपल्याकडे आहेच. ती इथे करत नाही. तोच सेट तकरीर, मुशायरा आणि शाळेच्या स्नेहसंमेलनालाही जातो. हिशेब सगळीकडे एकच आहे.

आम्ही दोघांनी वही घेऊन बसून तो मांडला. आकडे ज्याचे त्याने आपले घालावेत.

आधी वर्षाचा खर्च. सामान ३,२०,००० रुपयांचं आणि ते चार वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला ८०,००० रुपयांचं सामान झिजतं. सामान ठेवायच्या खोलीचं भाडं २४,००० आणि दुरुस्ती १६,०००. एकूण १,२०,००० रुपये. काम असो वा नसो, हा खर्च आहेच.

आता कामाचे दिवस मोजा. वर्षाचे दिवस ३६५ असले, तरी काम रोज नसतं. रमजान आणि मुहर्रममध्ये आपल्याकडे लग्नं जवळपास होत नाहीत. हिंदू घरांत चातुर्मासात मुहूर्त नसतात. त्यातच हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो, म्हणजे मागच्या वर्षीचा सीझन यंदा तसाच मिळेल असं नाही. माझ्या विद्यार्थ्याला वर्षात ४० कामं मिळाली. १,२०,००० भागिले ४०, म्हणजे प्रत्येक कामावर ३,००० रुपये.

त्यानंतर त्या दिवसाचा खर्च: गाडी १,५००, दोन मुलांची मजुरी १,२००, जनरेटरचं डिझेल ८००. झाले ३,५००.

दोन्ही मिळून ६,५०० रुपये. हा घेत होता ६,०००. संध्याकाळी हातात २,५०० उरायचे आणि त्यालाच तो कमाई समजायचा. खरं तर ते त्याच्या सामानाचेच पैसे होते, तेही ५०० रुपये कमी. स्वतःची मेहनत तर धरलीच नव्हती.

मेहनतीचे १,५०० धरले की ८,००० होतात. त्यावर १५ टक्के, म्हणजे १,२०० रुपये, अडीअडचणीसाठी आणि नफ्यासाठी. दर निघाला ९,२०० रुपये. कामं ४० ऐवजी ६० झाली, तर वर्षाच्या खर्चाचा वाटा ३,००० वरून २,००० वर येतो आणि दर थोडा उतरवता येतो. पण कामं आधी वाढली पाहिजेत. ती वाढतील या आशेवर आधीच दर पाडू नये.

नात्यातलं काम आलं तर लिहाज ठेवावाच लागतो. मग नफा सोडा, हवं तर स्वतःची मेहनतही सोडा. पण ६,५०० च्या खाली उतरलात, तर मामूच्या लग्नाचा खर्च तुमच्या अम्मीच्या दागिन्यांतून निघतोय, एवढं लक्षात ठेवा.

"अजून एक तास वाजव, हजार रुपये जास्त घे," असं बारातीत कुणीतरी म्हणतंच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणांसाठी सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. घरच्या लग्नाला ती मिळत नाही. दवाखाना, शाळा आणि कोर्टाच्या आसपास १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो, त्यामुळे जागा आधी पाहून या. सामान जप्त झालं, तर एका हजारात काय भरून निघणार? दहानंतरचा तास विकायचाच नाही.

शेवटचं म्हणजे सौदा लिहून घ्या. तारीख, जागा, सुरू आणि बंद करायची वेळ, किती स्पीकर, बयाना किती, बाकी कधी, काम रद्द झालं तर काय. एका कागदावर दोघांच्या सह्या पुरेत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

त्या मुलाने दर वाढवला तेव्हा दोन गिऱ्हाइकं तुटली. तो घाबरून आला होता. मी म्हटलं, वही उघड. ती दोन कामं सहा हजारांत केली असती, तर हजार रुपये घरातूनच गेले असते.