पाटा बसलाय की पाया? फियाटखाली घालवलेले चार दिवस

आमच्या घरी १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, ती 'फियाट'च. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनायला लागलेली हीच गाडी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून सगळ्यांना माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्या दिवशी बाबांनी आमची गाडी उगाचच एकदा धुतली होती.

घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून फार तर दीड किलोमीटर. बाबा अजूनही महिन्यातून एकदा ही गाडी घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला जातात. गेल्या वर्षभरात गाडी किंचित डावीकडे झुकायला लागली होती आणि स्पीडब्रेकरवर मागच्या डाव्या बाजूने 'कट्' असा आवाज यायचा. आमचे मिस्त्री एका नजरेत म्हणाले, "पाटा बसलाय." मागच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नसते, एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांचा पाटा असतो. वर्षानुवर्षं वजन घेऊन त्याची कमान सपाट होते, त्याला पाटा बसणं म्हणतात. पाटा बदलला. महिनाभरात गाडी परत झुकली. मग नव्या पाट्यातच खोट असणार म्हणून तोही बदलला. बुश बदलले. झुकाव तसाच, आवाज तसाच.

मे महिन्यात मी घरी गेले तेव्हा हे प्रकरण माझ्याकडे आलं, कारण मी 'गंजावर पीएचडी' करते. (खाऱ्या पाण्यात साध्या पोलादाचं काय होतं, हा माझा विषय. घरच्यांच्या दृष्टीने मी गाड्यांची डॉक्टर.) पुढचे चार दिवस मी जे केलं ते सगळं सांगते, चुकांसकट. तुमच्यापैकी जे पुढच्या वर्षी लॅबमध्ये पाऊल टाकणार आहेत त्यांना यातली एक चूक बघायला मिळाली तर बरंच आहे.

पहिला दिवस मोजण्यात गेला. अंगणातली फरशी सपाट आहे का ते पाण्याच्या नळीने तपासलं, चारही टायरांत हवा सारखी केली, डिकी रिकामी केली. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी घेतलं. मागे डावी बाजू उजवीपेक्षा १३ मिमी खाली, पुढे डावी बाजू ११ मिमी खाली. इथे पहिली गंमत आहे. गाडीचा सांगाडा बऱ्यापैकी कडक असतो. त्यामुळे एका कोपऱ्यात काही बिघडलं की पुढची आणि मागची बाजू जवळजवळ सारखीच कलते. म्हणजे मागे १३ मिमी दिसतात म्हणून दोष मागेच आहे, असं म्हणता येत नाही. वर्षभर सगळे तेच धरून चालले होते.

आकड्यांबद्दल आणखी एक. तेच माप मी दुपारी परत घेतलं तर ९ मिमी आलं. मग लक्षात आलं की मधे आईने डिकीवर वाळवणाची परात ठेवून काढली होती. पाट्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यात गंज असेल तर आणखीच. त्यामुळे गाडी खाली दाबून सोडली की ती थोडी खालीच अडकते, वर उचलून सोडली की थोडी वर. हे हिस्टेरेसिस. मग मी प्रत्येक कोपरा दाबून एकदा आणि उचलून एकदा, अशी दोन मापं घेऊन सरासरी धरली. घर्षणाचा दुसरा त्रास असा की कोपरा दाबून सोडायचा आणि किती हेलकावे येतात ते बघायचं, ही शॉकअॅब्सॉर्बरची नेहमीची चाचणी इथे फसवी ठरते. दीडएक हेलकाव्यात गाडी थांबली तर शॉक चांगला, असं मानतात. पण गंजलेला पाटा स्वतःच ब्रेकसारखं काम करतो. शॉक संपलेला असला तरी गाडी पटकन थांबते. फोनवर स्लो मोशनमध्ये बघितलंत तर फरक कळतो: तेलाच्या शॉकमुळे हेलकावे ठराविक पटीत लहान होतात, कोरड्या घर्षणाने ते दर वेळी ठराविक मिलिमीटरने कमी होतात आणि एकदम गपकन थांबतात. आमचे गपकन थांबत होते. शॉकबद्दल काहीच सिद्ध झालं नव्हतं, एवढंच सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी पुढचं की मागचं याचा निकाल लावला. पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्याखाली एकच जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकी गाडी उचलली. आता पुढची बाजू एका बिंदूवर टेकलेली, ती कुठल्याही बाजूला कलायला मोकळी. अशा वेळी गाडी कशी उभी राहील ते फक्त मागची बाजू ठरवते. झुकाव गेला तर दोष पुढे होता, वाढला तर मागे. आमच्याकडे मागचा फरक १३ वरून २४ मिमीवर गेला. आतापर्यंत पुढच्या स्प्रिंगा बिचाऱ्या गाडी सरळ धरायचा प्रयत्न करत होत्या आणि अर्धा दोष लपवत होत्या. (गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. मापं बाहेरून घ्यायची. खाली जायचंच असेल तर सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावूनच. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक शिरतात.)

मग मिस्त्रींना विनंती करून मागचे दोन्ही पाटे अदलाबदल करून घेतले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ते वैतागले, "बाय, नवीन पाटा आहे गो, त्यात काय बघायचं?" पण केलं. पाट्यात दोष असता तर झुकाव उजवीकडे जायला हवा होता. तो डावीकडेच राहिला. हाच प्रयोग वर्षापूर्वी केला असता तर दोन पाट्यांचे पैसे वाचले असते. जुना भाग काढून नवा घातला की आपल्याला वाटतं आपण काहीतरी तपासलं. पण जागा बदलून बघितल्याशिवाय दोष भागात आहे की जागेत, हे कळत नाही.

म्हणजे जागा. पाट्याचं पुढचं टोक एका ब्रॅकेटला बोल्टने जोडलेलं असतं आणि ते ब्रॅकेट गाडीच्या तळाला. जीपला किंवा ट्रकला वेगळी चासी असते, शिडीसारखी. फियाटला ती नाही. गॅरेजमध्ये सगळे 'चासी'च म्हणतात, पण खरं तर पातळ पत्रे वाकवून, स्पॉटवेल्ड करून केलेल्या पोकळ पेट्यांचं जाळं असतं आणि अख्खी बॉडीच वजन घेते. या पेट्यांच्या आतली बाजू कोणालाच दिसत नाही.

माझा विषय नेमका इथे सुरू होतो, म्हणून जरा थांबते. पेटीत पाणी शिरतं, निथळायची भोकं चिखलाने बुजतात. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतंच. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे कोकणात, पाऊस संपून कोरडी हवा आली तरी, पेटीच्या आतला मिठाचा थर बहुतेक वेळ ओलाच. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढवून वेल्ड केलेले असतात त्या फटीत ऑक्सिजन कमी पोचतो, बाहेर जास्त. या फरकामुळेच फटीतला पत्रा अॅनोड होतो आणि तिथेच झिजतो. वर गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, त्यामुळे तो पत्रे फाकवतो आणि फट आणखी पाणी घेते.

पत्रा पातळ झाल्याने नेमकं काय बिघडतं? पूर्ण पेटी वाकण्याला जो विरोध करते तो ढोबळमानाने जाडीच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली, विरोध निम्मा. पण ब्रॅकेट ज्या सपाट भागावर बसलंय तो भाग आत दबण्याला जो विरोध करतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी, विरोध आठवा हिस्सा. म्हणून गाडी बाहेरून ठणठणीत दिसते, दारं नीट लागतात, आणि ब्रॅकेट मात्र हळूहळू आत शिरत असतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी चुकले.

लॅबमधून परवानगी घेऊन मी अल्ट्रासॉनिक जाडीमापक आणलं होतं. आवाज पोलादातून सेकंदाला साधारण ५९०० मीटर वेगाने जातो. पत्र्याच्या मागच्या बाजूवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी कळते. तळावरचं काळं अंडरकोटिंग घासून काढलं, ब्रॅकेटभोवती दहा ठिकाणी मापं घेतली. सगळीकडे १.२ मिमीच्या आसपास. एकदम निरोगी. संध्याकाळी जेवताना बाबांना सांगून टाकलं की तळाला काही झालेलं नाही, शॉक बदलून बघू. बाबा म्हणाले, ठीक आहे, मग पुढच्या आठवड्यात कोल्हापूर करून येतो.

रात्री झोप लागेना. दहाच्या दहा आकडे इतके सारखे कसे? पस्तीस वर्षं समुद्राकाठी राहिलेला पत्रा जागोजागी वेगवेगळा झिजायला हवा. माझ्या लॅबमधल्या नमुन्यांवर तीन महिन्यांत खड्डे पडतात.

सकाळी मापकाला हात न लावता गाडीची लांबी मोजली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत कंपनीचा आकडा २३४० मिमी. उजवीकडे जवळपास तेवढंच, डावीकडे ९ मिमी कमी. मग ओळंबा घेऊन तळाच्या चार बिंदूंखाली फरशीवर खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजले. पुढचे तीन बिंदू जागेवर होते, डाव्या ब्रॅकेटचा बिंदू पुढे सरकला होता. शेवटी मागची सीट काढली आणि गालिचा उचलला. डाव्या बाजूला फरशीचा पत्रा नारळाच्या करवंटीएवढा वर फुगलेला होता. त्यावर कोणीतरी कधीतरी वर्तमानपत्राची घडी घालून सीट सपाट केली होती.

जुन्या मालकाने कधीतरी तिथे ठिगळ लावलं होतं: नवा १.२ मिमीचा पत्रा, कडेने वेल्ड करून, त्यावरच ब्रॅकेट, वर अंडरकोटिंग. ठिगळ धड होतं. ते ज्या पेटीला जोडलं होतं ती कुजली होती. अल्ट्रासाउंड हवेच्या पोकळीपलीकडे जात नाही, त्यामुळे यंत्राने मला ठिगळाचीच जाडी दहा वेळा सांगितली. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली तेव्हा उजवी बाजू टणटणली, डावी बद्द वाजली. निथळायच्या भोकातून स्वस्तातला एंडोस्कोप घातला तर आत पापुद्र्यांचा ढीग. ब्रॅकेट साधारण ३५ मिमी वर गेलं होतं. पाट्याचं एक टोक जितकं वर जातं त्याच्या निम्मी गाडी खाली येते, म्हणजे पाट्यापाशी १७-१८ मिमी. पाटे चाकांच्या आतल्या बाजूला असल्याने मडगार्डपाशी तो फरक थोडा मोठा दिसतो. दुसऱ्या दिवशीच्या २४ मिमीशी हिशेब जुळला. 'कट्' आवाज ठिगळाच्या तडकलेल्या कडेचा होता.

वर्षभर सगळ्यांनी, मीही, सस्पेन्शनचं माप गाडीच्या तळापासून घेतलं होतं आणि तळ जागेवर आहे हे गृहीत धरलं होतं. लॅबमध्ये माझं असंच झालं होतं. पहिल्या वर्षी माझ्या नमुन्यांचं विद्युत विभव रोज थोडं थोडं सरकत होतं. मी तीन आठवडे पोलादात कारणं शोधली, एक छान सिद्धांतही तयार केला. शेवटी कळलं की सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडमधलं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण गळून पातळ होत होतं. क्लोराइड दहापट पातळ झालं की एवढ्यानेच सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तेव्हापासून मी दर सोमवारी तो इलेक्ट्रोड दुसऱ्या, बाजूला ठेवलेल्या इलेक्ट्रोडशी ताडून बघते. गाडीच्या बाबतीत तो दुसरा इलेक्ट्रोड म्हणजे अंगणातली फरशी आणि ओळंबा होता. वापरायला मला चौथा दिवस उजाडला.

कोल्हापूर रद्द केलं. घाटात वळणावर ब्रेक मारताना ते ब्रॅकेट फरशी फाडून वर आलं असतं तर काय, यावर घरात कोणी बोललं नाही, पण बाबांनी किल्ली स्वतःहून आईकडे दिली. टिनकाम करणाऱ्याने कुजलेली पेटी धड पत्रा लागेपर्यंत कापली, नवीन पेटी वाकवून बसवली, ब्रॅकेट उजव्या बाजूच्या मापाने लावलं. आत मेणाचा फवारा मारला, निथळायची भोकं मोकळी केली. उजव्या बाजूची पेटीही उघडून घेतली. ती वाचली होती.

परवा बाबांनी फोनवर नवी मापं वाचून दाखवली, दाबून एक आणि उचलून एक. मागचा फरक आता ४ मिमी. मी त्यांना पाटे परत एकदा अदलाबदल करून बघायला सांगितलंय. मिस्त्री अजून तयार झालेले नाहीत.